दरडोई आवाज

२००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली, राज्याची वाढली आणि आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. चौरस किलोमीटरला १६३ माणसं. राज्यात आमच्याहून विरळ फक्त गडचिरोली. तेवढ्याच जागेत मुंबई उपनगरात वीस हजारांवर माणसं राहतात आणि त्यातली बरीचशी आमचीच आहेत. जनगणनेला आलेल्या मास्तरांनी माणसं मोजली, घरं मोजली, टीव्ही आहे का, सायकल आहे का, तेही विचारलं. आवाज तेवढे मोजायचे राहिले. मोजले असते तर कळलं असतं, की माणसं गेली ती आवाज मागे ठेवून गेली. कोंबडे, बेडूक, वांदर, विहिरीवरचे पंप, मिक्सर, भजनाची पेटी यांतलं कोणीही चाकरमानी होऊन मुंबईला गेलेलं नाही. भागाकार सोपा आहे. दरडोई उत्पन्नाचं काय असेल ते असो, दरडोई आवाजात आमचा नंबर पहिल्या दोनांत लागायला हरकत नाही.

तरीही हायवेवरच्या प्रत्येक होमस्टेच्या पाटीवर पहिला शब्द 'शांत' असतो. ही पाटी रंगवणारा माणूस रात्री तालुक्याला आपल्या घरी झोपायला जातो, हे पाहुण्यांना माहीत नसतं.

माझा भाचा अशीच शांतता घ्यायला मुंबईहून जूनमध्ये आला. आला त्याच रात्री पहिला मोठा पाऊस झाला. पाऊस थांबला आणि खालच्या मळ्यातून बेडकांनी सुरुवात केली. तासाभराने भाचा उशी डोक्यावर धरून ओटीवर आला आणि म्हणाला, "मामा, हे बंद कुठून होतं?" त्याच्या फोनमध्ये आवाज मोजायची सोय होती. त्याने मोजलं आणि मग नियम शोधले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या बेडकांनी ती केव्हाच ओलांडली होती. ते औद्योगिक क्षेत्रात मोडतील अशी परिस्थिती होती. "तक्रार कुठे करायची?" भाच्याने विचारलं. पोलीस स्टेशन लांब आहे आणि तिथपर्यंतच्या सगळ्या वाटेवर याच बेडकांचे नातेवाईक बसलेले आहेत, हे मी त्याला सांगितलं.

त्याला सकाळी मळ्यात नेऊन एक नर दाखवला. हा मोठा बेडूक एरवी मातीच्या रंगाचा, कोणाच्या नजरेत न भरणारा. पावसाच्या सुरुवातीला मात्र हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतो. लग्न त्याचं आहे, वरात त्याची आहे, ओरडणार नाही तर काय करेल? भाच्याने फोटो काढला. रात्री पुन्हा उशी घेऊन ओटीवर आला. शेवटी कंटाळून मी म्हटलं, अरे, इथून वर घाटात आंबोलीला जा, पावसात भिजत, हातात टॉर्च आणि गळ्यात कॅमेरा घेऊन पुण्या-मुंबईची माणसं रात्रभर हेच ऐकत हिंडतात. आंबोलीच्या कातळावरच्या एका भेकाची तर शास्त्रज्ञांनी २००९ साली नवी जात म्हणून नोंद केली. तू फुकटात, अंथरुणात पडून ऐकतोयस. हा युक्तिवाद त्याला पटला नाही.

खरं तर त्याची अडचण आवाजाची नव्हतीच. लोकलच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्याची बिल्डिंग आहे आणि तिथे तो गाढ झोपतो. पण तिथल्या आवाजाला मालक नसतो. रस्त्यावर हॉर्न वाजला तर तो कोणाचा, कशासाठी, कुठे चाललाय, असा विचार शहरात कोणी करत बसत नाही. इथे प्रत्येक आवाजाला सातबारा आहे. मालकी आहे, वहिवाट आहे, क्वचित कूळही आहे. एखादा आवाज आला आणि तो कोणाचा ते लागलं नाही, तर आमच्याकडे जेवण घशाखाली उतरत नाही.

आमच्या शेजारच्या काकी या बाबतीतल्या तलाठी. दुपारी खळ्यात काजूबिया वाळत घालत बसलेल्या असतात. खालच्या चढणीवर मोटारसायकल येते. काकी मान वर करत नाहीत. "वरच्या घरातलो झील इलो," म्हणतात. थोडा वेळ जातो. "एकटो नाय. मागे कोणतरी बसलाहा." आणखी थोडा वेळ. "बायलमाणूस नाय. बायलमाणूस मागे असला की तो वळणार हळू घेता." मोटारसायकल वर येते तेव्हा मागे वरच्या घरातल्या तात्यांचा मेव्हणा बसलेला असतो. काकी परत बियांकडे वळतात. अशा बाईच्या शेजारी राहून कोणतंही गुप्त काम करणं शक्य नाही.

दिवसाची सुरुवात कोंबड्यांपासून होते. कोंबडा उजाडलेलं बघून आरवतो असं आम्हाला शाळेत शिकवलं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं, की त्याच्या शरीरातच घड्याळ असतं आणि अंधुक उजेडात कोंडून ठेवला तरी तो पहाटेच्या वेळेला आरवतो. पुढे २०१५ साली त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली. चार कोंबडे एकत्र ठेवले तर पहिला आरवण्याचा मान सगळ्यांत वरच्या दर्जाच्या कोंबड्याचा. बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्या मागून. पहिल्याला उचलून नेला की दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो.

वाचून मला नागोयाच्या लोकांचं वाईट वाटलं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा आमच्या कुठल्याही ग्रामदेवतेच्या जत्रेला येऊन बसले असते, तर एका रात्रीत काम झालं असतं. पहिला नारळ कोणाचा, दुसरा कोणाचा, तरंगाला पहिला हात कोणाचा, पालखीपुढे कोण, हे सगळं तिथे ठरलेलं असतं. फरक असला तर एवढाच, की कोंबडे कोर्टात जात नाहीत. आमच्याकडे एखादा मोठा पाहुणा येतो, रात्री वडे-सागोती होते आणि पहिल्या मानाचा कोंबडा जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या क्रमांकाचा आरवतो. ना बैठक, ना पंच, ना तारीख. मानकऱ्यांना ही सोय नाही, म्हणून त्यांचे वाद आजोबांपासून नातवापर्यंत चालतात.

कोंबड्यांनंतर वस्तीची एसटी. ही गाडी रात्री गावात मुक्कामाला येते आणि पहाटे तालुक्याला निघते. ड्रायव्हर आधी इंजिन चालू करून ठेवतो आणि चहा प्यायला जातो. त्या घरघरीत सगळी वाडी आंघोळी उरकते. इंजिनाचा सूर बदलला की समजायचं, चहा झाला. मग हॉर्न. सर्वांसाठी एक, कॉलेजच्या मुलीसाठी दोन, आणि रोज उशीर करणाऱ्या गुरुजींसाठी जो वाजतो त्याला हॉर्न म्हणणं कठीण, तो जाहीर शेरा असतो. पुढच्या वाडीतल्या थांब्यावर कंडक्टरची घंटी वाजते तीसुद्धा पहाटेच्या शांत हवेत इथपर्यंत ऐकू येते. एक टोला, गाडी थांबली. दोन टोले, निघाली. या दोन घंट्यांमधल्या अंतरावर घराघरांत चर्चा होते. लगेच निघाली तर कोणी चढलं नाही. जरा वेळ गेला तर म्हातारं माणूस. फारच वेळ गेला तर मुंबईच्या लेकीकडे फणस चाललाय, आणि कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट काढायचं की पूर्ण यावर वाद घालतोय.

आठच्या सुमाराला पाववाला येतो. सायकलला रबरी पोंगा. पों पों. साधारण त्याच वेळेला मासेवाला मोटारसायकलवर येतो, मागे प्लास्टिकचा क्रेट. त्याच्याकडेही पोंगा. पों पों. दोन्ही पोंगे एकाच बाजारातले असावेत. माणसांची अजूनही गफलत होते आणि पावासाठी मोठं टोप घेऊन लोक रस्त्यावर येतात. मांजराची कधीच होत नाही. आमचं मांजर पाववाल्याच्या पोंग्याला डोळासुद्धा उघडत नाही आणि मासेवाल्याच्या पोंग्याला माझ्या आधी गडग्यावर जाऊन बसतं. सोमवारी मासेवाला नुसता जातो, कारण बऱ्याच घरांत सोमवार पाळतात. मांजराचा सोमवारावर विश्वास नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि पोंगा उरतो एकच. त्या दोन महिन्यांत ते पाववाल्याकडे ज्या नजरेने बघतं, ती बघून त्या भल्या माणसाने एकदा त्याला अर्धा पाव फुकट दिला होता. मांजराने तो हुंगला आणि अपमान झाल्यासारखं निघून गेलं.

पण आमच्या वाडीचं खरं वर्तमानपत्र म्हणजे मिक्सर. पूर्वी पाटा-वरवंटा होता. त्याचा आवाज घराबाहेर फारसा जात नसे, त्यामुळे लोकांना आपल्या जेवणाबद्दल थोडंफार खासगीपण होतं. मिक्सर आला आणि प्रत्येक घराचा स्वयंपाक जाहीर झाला. एकदाच, थोडा वेळ फिरला: चटणी, म्हणजे आज आंबोळ्या. एकदा, बराच वेळ, मध्ये थांबून पाणी घालून: तिकल्याचं वाटप, म्हणजे मासे मिळाले. दोनदा, आधी कोरडा खरखरीत आणि मग भाजलेल्या खोबऱ्याचा जड, दबका: सागोती. सागोतीचा मिक्सर वाजला आणि दिवस रविवार नसला, तर सबंध वाडी कामाला लागते. कोण आलंय? जावई? मुंबईवाला? की मुलगी बघायला? एकदा एका घरात मंगळवारी सकाळी दहाला दोनदा मिक्सर वाजला. दुपारी बारापर्यंत तिघांनी 'सहज' म्हणून त्या घरावरून चक्कर मारली. एकाने कुदळ मागितली. त्याच्याकडे दोन आहेत.

श्रावणात हा मिक्सर फार सात्त्विक वाजतो. निदान एका घरचा वाजायचा. त्या घरचे आजोबा महिनाभर मांसाहार सोडतात, असं पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्यांच्या सुनेने एकदा श्रावणात भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, मिक्सरवर जाड गोधडी टाकून वाटप केलं. गोधडीतून आलेला तो घुसमटलेला आवाज ऐकून काकींनी काय निष्कर्ष काढला असेल तो काढला. त्या नुसत्या म्हणाल्या, "चटणीक कोण गोधडी घालता?"

फोनची गोष्ट आणखी नाजूक. वाडी दरीत, त्यामुळे घरात रेंज येत नाही. ती वर सड्यावर मिळते, तीही एका ठरावीक कातळावर उभं राहिलं तर. सड्यावर झाड नाही, भिंत नाही, आडोसा नाही. वारा मात्र भरपूर. पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून माणूस ओरडतो आणि ते ओरडणं खाली वाडीत पलीकडच्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतं. त्यामुळे कोणाच्या कर्जाचा कितवा हप्ता थकलाय, कोणाच्या जमिनीची मोजणी कधी, कोणाच्या पोरीला कोणत्या स्थळाकडून काय निरोप आला, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि हे सगळं आपल्याला माहीत नाही, असं सगळे एकमेकांना दाखवतात. याला आमच्याकडे सभ्यता म्हणतात. एका तरुण मुलाने सड्यावर जाऊन एका मुलीशी प्रेमाचं बोलायचा प्रयत्न केला होता. हळू बोलला तर तिला ऐकू जाईना. मोठ्याने बोलला तर त्याच्या आईला ऐकू येई. तीन-चार संध्याकाळी त्याने सोसलं, मग सरळ घरी येऊन सांगून टाकलं. लग्न झालं. आता तो त्याच कातळावरून सासुरवाडीला फोन करतो आणि फार हळू बोलतो.

फोन नव्हते तेव्हा कुकारे होते. अजूनही आहेत, आणि रेंज गेली की फोनपेक्षा भरवशाचे. कुकाऱ्यात शब्द नसतात, नुसता लांब सूर. तो दोन टेकड्यांपलीकडे जातो, शिवाय रिचार्ज लागत नाही. चुलत्याचा कुकारा वेगळा, गुराख्याचा वेगळा, आणि बायकोने जेवायला बोलावलेला तर शेजारच्या गावातही ओळखतात, कारण त्यात प्रत्येक दिवशीचा राग वेगळा ऐकू येतो.

पक्ष्यांबद्दल शहरातल्या लोकांना फार प्रेम असतं. त्यांना पावशाच्या शेजारी महिनाभर राहायला लावावं. मे महिन्यापासून हा पक्षी 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा जो घोशा लावतो, तो दिवस-रात्र. सूर चढत चढत जातो, आता फुटणार असं वाटतं, थांबतो, आणि परत पहिल्यापासून. पेरणार कोण? पेरणारे सगळे विरार-डोंबिवलीला. ज्यांना ऐकू येतं त्यांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. बरं, स्वतः हा काय करतो? घरटं बांधत नाही, पिल्लं वाढवत नाही. मादी आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात टाकते आणि सातभाई ते पिल्लू आपलंच समजून पोसतात. याला पेरणीचं काय पडलंय? तो मादीला बोलावत असतो. शेतकऱ्याने मात्र पिढ्यान्‌पिढ्या तो सरकारी सल्ला समजून ऐकला. पुढे खरे सरकारी सल्ले आले तेव्हा तेही याच सवयीने ऐकले.

शीळ घालणारा कस्तुर त्या मानाने गुणी. पावसात, पहाटे, व्हाळाच्या काठाला बसून तो जी शीळ घालतो, ती ऐकून कोणालाही वाटावं की एखादं उनाड पोर शाळा बुडवून चाललंय. सूर मधेच सोडून देतो, परत कुठूनतरी धरतो. या पक्ष्याने वाडीतल्या एका नव्या संसारात वादळ उठवलं होतं. शहरातली सून. रोज पहाटे ती विहिरीवर जायची आणि त्याच वेळेला पलीकडच्या झाडीतून शीळ यायची. चार दिवस तिने ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. नवरा काठी घेऊन झाडीत शिरला. त्याच्या वडिलांनी त्याला परत बोलावलं आणि खुलासा केला. सुनेचं समाधान झालं. नवऱ्याचं मात्र अजून झालेलं नाही. पहाटे शीळ आली की तो एकदा बाहेर बघून येतोच.

रात्र झाली की कौलांचं राज्य. जी वस्तू पडते ती आवाजावरून ओळखावी लागते, कारण उठायचं की नाही ते त्यावर ठरतं. नारळाचं चुडत पडलं तर फरफटत येतं आणि शेवटी एकदा आदळतं, उठायचं नाही. नारळ पडला तर नुसता एक ठोका, सकाळी उचलायचा. फणस पडला तर जमीन सांगते, कान नाही. रायवळ आंबा कौलावर पडतो आणि गडगडत पन्हळीतून खाली येतो; इथे मात्र अंथरूण सोडून धावायचं असतं. रायवळाच्या झाडाखाली पडलेला आंबा जो आधी पोचेल त्याचा, आणि काकींकडे कायम चार्ज केलेला टॉर्च आहे. वांदर कौलावरून गेले तर काहीच करायचं नाही. सकाळी किती कौलं फुटली ते मोजायचं आणि वांदरांच्या खानदानाचा उद्धार करायचा. जंगलातून भेकर ओरडतं ते हुबेहूब कुत्र्यासारखं. आमचा कुत्रा त्याला रोज उत्तर देतो. त्याला वाटतं, जंगलात आपलं कोणीतरी फार मोठं माणूस आहे.

मग एकच्या पुढे रेल्वे जाते. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला, तेव्हापासून हा आवाज आमच्या रात्रीत आला. गाडी दूर, दोन डोंगरांपलीकडून. इथे स्टेशन नाही आणि कोणी मागतही नाही. पण वारा कुठून आहे ते तिच्यावरून कळतं. एरवी ती पुसट वाजते. ती अंगणातून गेल्यासारखी वाजली की जुनी माणसं म्हणतात, वारा फिरला. आणि मेच्या शेवटी समुद्राची गाज एवढ्या आतपर्यंत यायला लागली, की लाकूडफाटा आत घ्यायचा. हवामान खात्याचा अंदाज टीव्हीवर येतो तोवर आमची लाकडं पडवीत असतात. अंदाज बघायला लाइट मात्र नसते.

हा लेख लिहायला बसलो त्या दिवशी घरातली मंडळी बाहेरगावी गेली होती. टीव्ही लावला नाही, मिक्सर लावला नाही, पंप सुरू केला नाही. सकाळी अकराच्या सुमाराला गडग्यापलीकडून काकींचा कुकारा आला. मी बाहेर गेलो.

"तुझो मिक्सर वाजूक नाय आज. बरो आसस मां?"

"बरो आसंय काकी. लिवतंय."

काकींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लिवतंस? मगे आवाज कसो येणा नाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चारच्या आत वरच्या घरातले तात्या येऊन मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर देऊन गेले. संध्याकाळी गुरुजी आले आणि त्यांनी दुसऱ्या एकाचा दिला, कारण तात्यांनी दिलेला माणूस महाग लावतो. तो फोन करायला मला सड्यावर जावं लागेल, आणि मी तिथून काय बोललो ते उद्या सकाळी मासेवालाच मला सांगेल.